तिकीट काढून रिकामं घर

स्टोकसेला बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच: काही नाही. पलंग नाही, खुर्ची नाही, भिंतींवर तैलचित्रं नाहीत, काचेच्या कपाटात तलवारी नाहीत. साडेसोळा मीटर लांब आणि साधारण साडेनऊ मीटर रुंद अशी एक रिकामी खोली, डोक्यावर काळपट लाकडं आणि कोपऱ्यात एक जिना. आई पुण्याहून सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे आली होती, तिला हौसेनं घेऊन गेलो. दारातच तिनं विचारलं, "सामान कुठं हलवलंय यांनी?"

मग तिनं मान वर केली. बराच वेळ वरच बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, चूल इथं मधोमध होती की काय? वासे बघ की, किती काळे झालेत."

मी हे माहितीपत्रकात वाचून आलो होतो. तिला ते आजोळच्या स्वयंपाकघरामुळे कळलं. स्टोकसे असंच बघायचं असतं. सामान नसल्यामुळे घर स्वतःच बोलतं, फक्त त्याची भाषा थोडी ठाऊक हवी. ती भाषा सोपी करून सांगायचा हा प्रयत्न.

हे ठिकाण इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर परगण्यात आहे. नाव 'स्टोकसे कॅसल', पण कॅसल म्हणजे किल्ला असं समजून गेलात तर फसाल. हे 'मॅनर हाउस' आहे, आणि मध्ययुगातली जी अशी घरं इंग्लंडात उरली त्यांतलं सगळ्यात चांगलं टिकलेलं म्हणून याचं नाव घेतलं जातं.

मॅनर हाउसला मराठीत काय म्हणायचं? तोंडात पहिल्यांदा 'वाडा' येतो, आणि तो अगदीच चूक नाही. पण मॅनर हा शब्द मुळात घराचा नाहीच. तो जमिनीचा आहे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सगळी जमीन शेवटी राजाची. राजा ती मोठ्या सरदारांना देणार, ते आपल्या हाताखालच्यांना, आणि या साखळीच्या तळाशी जो तुकडा येतो तो मॅनर: एखादं गाव, त्याची शेतं, कुरणं, रान, पाणचक्की आणि त्यावर राबणारी माणसं. मालकाला म्हणायचं लॉर्ड. काही शेत त्याचं स्वतःचं, बाकीचं कुळांकडे. यातली बरीच कुळं 'व्हिलिन', म्हणजे पूर्ण गुलाम नाहीत, पण मोकळीही नाहीत. त्यांनी आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, सुगीत जास्त. आपल्याकडे याला वेठ म्हणतात, दुसरा शब्द शोधायला नको. गाव सोडून जायचं नाही. मुलीचं लग्न ठरलं की मालकाकडे पैसे भरायचे. दळण मालकाच्याच चक्कीवर. आणि घरचा कर्ता मेला, की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालक घेऊन जाणार. दुःखात जनावरही जातं, हे मला अजून पचत नाही.

हे सगळं चालवायला जागा लागते. कुणी किती दिवस राबलं, कुणाचं जनावर कुणाच्या शेतात शिरलं, बांध कुणी कोरला, याचा निवाडा मालकाच्या घरी व्हायचा. हिशेब तिथं, दंड तिथं, सणाचं जेवण तिथं, आणि रात्री नोकरमाणसं झोपायचीही तिथंच. म्हणून मॅनर हाउसचा जीव म्हणजे त्याचा 'हॉल'. ही बैठकीची खोली नव्हे. कचेरी, चावडी, भोजनशाळा आणि धर्मशाळा, सगळं एकाच छपराखाली. खोली एवढी मोठी का, याचं उत्तर श्रीमंती एवढंच नाही. तिला काम खूप होतं.

आता ज्यानं हे बांधलं त्या माणसाकडे येऊ, कारण तो सरदार नव्हता, हीच तर गंमत आहे.

स्टोकसे हे नाव जुन्या मालकांवरून पडलं, द से घराण्यावरून. १२८१ मध्ये ही जहागीर लॉरेन्स ऑफ लडलो यानं विकत घेतली. लडलो हे जवळचं बाजाराचं गाव, आणि लॉरेन्स लोकरीचा व्यापारी. व्यापारी म्हणजे पेठेतला दुकानदार नव्हे. त्या काळात इंग्लंडची लोकर म्हणजे आजच्या भाषेत तेल. फ्लँडर्समधली, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातली, कापड विणणारी शहरं या लोकरीवर जगत होती, आणि वेल्सच्या सीमेवरच्या मेंढ्यांच्या बारीक लोकरीला चढा भाव मिळायचा. लॉरेन्स देशातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी होता. मोठमोठे सरदार त्याच्याकडून कर्ज घ्यायचे. पैसा होता, पत होती, फक्त 'जमीनदार' म्हणवून घ्यायचं राहिलं होतं. ते त्यानं विकत घेतलं.

वेळही बरोबर साधली. वेल्सचा राजपुत्र लुएलिन १२८२ च्या डिसेंबरात मारला गेला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानं वेल्स पुरतं जिंकलं. पिढ्यान्‌पिढ्या धुमसणारी सीमा शांत झाली. त्याआधी इथं एवढ्या मोठ्या खिडक्यांचं घर बांधणं हा वेडेपणा ठरला असता.

खिडक्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण किल्ला की घर या प्रश्नाचा निकाल तिथंच लागतो. बाहेरून बघितलं तर स्टोकसे लढाऊ दिसतं. दोन टोकांना दोन मनोरे, भोवती खंदक (आता कोरडा, गवत वाढलेला), दक्षिणेच्या मनोऱ्यावर तटावर असतात तशा चऱ्या. पण दोन मनोऱ्यांच्या मधे हॉलच्या उंचच उंच खिडक्या आहेत, आणि त्यातल्या काही थेट बाहेरच्या बाजूला उघडतात. शिडी लावली की आत. खरा किल्ला बांधणारा असलं काही करणार नाही.

मग चऱ्या कशाला? त्या काळात घराला चऱ्या आणि तट चढवायला राजाची परवानगी लागायची. लॉरेन्सला ती १२९१ मध्ये मिळाली. आता घराच्या लाकडांचा अभ्यास झालाय. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, पावसाचं वर्ष असेल तर रुंद, दुष्काळी असेल तर अरुंद. ही वलयं जुन्या नोंदींशी जुळवून झाड कधी तोडलं ते सांगता येतं. त्यावरून दिसतं की बरंचसं काम १२८० च्या दशकातच झालं होतं. म्हणजे आधी बांधकाम, मग परवानगी. हे ऐकून आईला इंग्रजांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. चोर-दरोडेखोरांपासून थोडं संरक्षण होतंच, पण अशी परवानगी खरं तर मानाची होती: राजानं मला तुमच्यात बसवलं, असं शेजारच्या सरदारांना दगडात सांगायचं.

दक्षिणेचा मनोरा बघितला की ही हौस कळते. तो पाच बाजूंचा आहे, पण बाजू सारख्या नाहीत. जाड भिंतींच्या पोटात जिने आणि संडास काढायच्या नादात भिंती इतक्या पोकळ झाल्या, की बांधकाम चालू असतानाच बाहेरून दोन भक्कम टेकू द्यावे लागले. तळघरात विहीर, आणि तळघरात उतरायची वाट फक्त वरच्या मजल्यावरून. लोकरीचा पैसा ठेवायला जागा चांगली होती.

आता परत हॉलमध्ये. इथं वेळ घालवा, बाकी सगळं पटापट बघितलं तरी चालेल.

जमिनीवर मधोमध अष्टकोनी चुलाण्याची जागा आहे. भिंतीतली शेकोटी नाही, धुराडं नाही, खोलीच्या मधे उघडा विस्तव. हे मागासलेपण वाटतं, पण त्यात हिशेब आहे. विस्तव मधे असला की ऊब चारी बाजूंना मिळते आणि ठिणगी लाकडापासून लांब राहते. छप्पर दहा मीटर उंच, म्हणून धूर वर गोळा होतो आणि छपरातून हळूहळू बाहेर झिरपतो. त्यामुळेच अशा खोलीवर दुसरा मजला घालता येत नाही. माळा घातला तर धूर जाणार कुठं? आई म्हणाली, "बसलेल्याला त्रास नाही होत. उभं राहिलं की डोळ्यांत जातो. आजी म्हणूनच बसून सगळं करायची." यावर माहितीपत्रकात एक ओळ नव्हती.

खिडक्यांना तेव्हा फक्त वरच्या भागात काच होती. काच महाग. खालच्या भागाला लाकडी झडपा. हिवाळ्यात झडपा लावल्या की खोलीत अंधार, उजेड विस्तवाचा आणि वरून येईल तेवढा. खोलीच्या एका टोकाला मालकाचं टेबल, विस्तवाच्या अलीकडे-पलीकडे मानाप्रमाणे बाकीचे, आणि वाऱ्याची झुळूक लागेल अशा दाराच्या बाजूला सगळ्यात खालचे. जेवण झालं की फळ्या-घोड्यांची टेबलं उचलून भिंतीला, आणि तिथंच पथाऱ्या. स्वयंपाकघर वेगळं, अंगणात होतं. ते १८०० च्या सुमारास पाडलं गेलं.

छपराकडे मात्र सुतार असल्यासारखं बघा. साडेनऊ मीटर रुंदीला एकही खांब नाही. छपराची दोन्ही पाखं आपल्या वजनानं भिंतींना बाहेर ढकलत असतात, आणि जुन्या काळी यावर उपाय म्हणजे आत खांबांच्या दोन रांगा. मग खोली देवळाच्या सभामंडपासारखी होते, आणि कुणीतरी कायम खांबाआड बसतं. इथल्या सुतारानं तीन प्रचंड लाकडी कमानी उभ्या केल्या. वाकडी वाढलेली ओकची लाकडं भिंतीलगत उभी करून वर जोडली आणि मधे आडव्या तुळया घालून दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकल्या. मूळच्या लाकडांचे पाय आणखी खालपर्यंत यायचे. आता ती एकोणिसाव्या शतकात घातलेल्या दगडी आधारांवर टेकलीत. हा बदल नीट बघितला तर डोळ्यांना दिसतो: लाकूड संपतं, दगड सुरू होतो.

आणि तो जिना. उत्तरेच्या मनोऱ्यात जाणारा हा जिना मूळचा आहे, तेराव्या शतकातला. पायऱ्या फळ्यांच्या नाहीत, अख्ख्या ओंडक्यांमधून कापलेल्या आहेत. त्यावर चढू देतात. मला ते धाडसी वाटलं, आईला साहजिक. "जिना चढायलाच असतो," म्हणत ती पुढं झाली. वरच्या खोल्या भिंतीच्या बाहेर आलेल्या आहेत, लाकडी सांगाड्यावर तोललेल्या, त्यामुळे खालून मनोरा डोक्याला जड झाल्यासारखा दिसतो.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मालकाची खासगी खोली आहे. तिचं नाव 'सोलर'. छपरावरच्या पॅनेलशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ वरच्या मजल्यावरची खोली. हॉलमधून तिथं थेट जाता येत नाही. अंगणात यायचं आणि बाहेरच्या जिन्यानं वर चढायचं.

या जिन्याला मी इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातला सगळ्यात बोलका जिना म्हणेन. सुरुवातीला मालक सगळ्यांबरोबर जेवायचा, कारण सगळ्यांसमोर जेवणं हाच त्याच्या मालकीचा पुरावा. पुढच्या दोन-तीन शतकांत तो हळूहळू वर सरकला. वर शेकोटी आली, धुराडं आलं, दार आलं. खालचा हॉल नोकरांचा झाला आणि शेवटी नुसता वाटेतला. आज इंग्रजीत घरातल्या येण्याजाण्याच्या बोळाला 'हॉल' म्हणतात, त्याचं मूळ या घसरणीत आहे. आपण मात्र मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्ही असतो त्या खोलीला हॉल म्हणतो, म्हणजे मूळ अर्थाला आपणच जास्त धरून आहोत.

सोलरमधलं कोरीव लाकूडकाम नंतरचं, साधारण १६४० चं. शेकोटीवरचं नक्षीकाम एके काळी भडक रंगवलेलं होतं. त्यातच खाली हॉलमध्ये बघायला भोकं आहेत. मालक वर गेला, पण नजर खालीच. आई त्यातल्या एकाला डोळा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या आजीला हे फार आवडलं असतं."

लॉरेन्सला मात्र हे घर फार लाभलं नाही. १२९४ मध्ये राजाला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता. लोकरीच्या एका गोणीवरची जकात सहा शिलिंग आठ पेन्सवरून चाळीस शिलिंगांवर गेली, म्हणजे सहापट. ही वाढ ठरवण्यात व्यापाऱ्यांच्या बाजूनं लॉरेन्स पुढं होता, आणि व्यापाऱ्यांनी तो भार शेवटी लोकर पिकवणाऱ्यांच्या भावातून कापला. त्याच नोव्हेंबरात लोकर भरलेली जहाजं पलीकडे नेताना सफोकच्या किनाऱ्याजवळ त्याचं जहाज बुडालं आणि तो गेला. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराला याचं काडीचं दुःख नव्हतं. लोकरवाल्यांविरुद्ध पाप केलं म्हणून लोकरीच्याच जहाजात बुडाला, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. मठांचं उत्पन्न मेंढ्यांवर होतं, हे इथं लक्षात घ्यायचं.

घर त्याच्या वंशजांकडे पंधराव्या शतकाच्या अखेरपर्यंत राहिलं. आणि आता खरा प्रश्न: ते टिकलं कसं? इंग्लंडभर असे शेकडो हॉल होते. बहुतेकांचं काय झालं ते सोपं आहे: सोळाव्या शतकात मालकांनी भिंतीत धुराडं बांधलं, मग धुराची अडचण संपली म्हणून मधे मजला टाकला, खोल्या पाडल्या. पुढच्या पिढीनं विटांचा दर्शनी भाग चढवला. त्याच्या पुढच्या पिढीनं सगळं पाडून नवं बांधलं. घर पैशानं नष्ट होतं, गरिबीनं कमी.

स्टोकसेच्या वाट्याला हौशी मालक आलाच नाही. १६२० मध्ये ते क्रेव्हन कुटुंबाकडे आलं, त्यांनी भाड्यानं दिलं. याच काळात, १६४०-४१ च्या सुमारास, दर्शनी देवडी नव्यानं बांधली गेली: पिवळा गिलावा, लाकडी चौकटी, दारावर ॲडम, ईव्ह आणि साप कोरलेले. दगडी घरापुढे ती मिठाईच्या डब्यासारखी दिसते, पण मला आवडते. शोभेची देवडी बांधली आणि लगेच राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. १६४५ मध्ये संसदेचं सैन्य दारात आलं, थोडी बोलणी झाली आणि आतल्या राजनिष्ठांनी घर हवाली केलं. शूर लोक असते तर आज बघायला ढिगारा असता. १६४७ मध्ये संसदेनं तटबंदी पाडायचा हुकूम काढला, तेव्हा अंगणाभोवतीची भिंत उतरवली आणि घर सोडून दिलं.

अठराव्या शतकात इथं शेतकरी भाडेकरू आले. हॉलमध्ये धान्य साठवलं, दक्षिणेच्या मनोऱ्यात कारागिरांचं काम चालायचं. १८३० च्या सुमारास तिथं आग लागली. आज दिसतात ते मजले त्यानंतरचे. कोठार म्हणून वापर झाला हे नशीबच, कारण कोठाराला उंच छप्पर आणि मोकळी जमीनच लागते. १८५० च्या दशकात फ्रान्सिस स्टॅकहाउस ॲक्टन या शेजारच्या जमीनदार बाईंनी क्रेव्हनना गळ घालून डागडुजी करवली. नव्यासारखं करायचं नाही, आहे ते सावरायचं, ही त्यांची दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती. १८६९ मध्ये हातमोज्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जॉन डर्बी ऑलक्रॉफ्टनं सगळी इस्टेट घेतली. पुन्हा व्यापारी, पुन्हा जमीनदार व्हायची हौस. पण यानं राहायला थोड्या अंतरावर नवा प्रासाद बांधला आणि जुन्या घराची नुसती दुरुस्ती केली. १९९२ मध्ये त्याच्या कुटुंबाकडून ते इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आलं.

जायचं असेल तर श्रूस्बरी ते हेरफर्ड मार्गावर क्रेव्हन आर्म्स स्टेशन आहे. तिथून दीड-दोन किलोमीटर चालायचं. (गावाला नाव खानावळीवरून, खानावळीला त्या क्रेव्हन कुटुंबावरून.) शेजारचं चर्च चुकवू नका. युद्धात मोडलं आणि १६५४ मध्ये परत बांधलं. हिवाळ्यात उघडे दिवस कमी असतात, आधी बघून घ्या. आणि मे महिना असला तरी स्वेटर बरोबर ठेवा. हॉलमधला विस्तव विझला, पण त्या जागी शेकोटी बांधायचं सातशे वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही.